वीस मिनिटं

व्हर्लिनच्या घरी लग्नानंतर बारा वर्षांनी पाळणा हलला, त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण मार्लिस माती आणि पाणलोटाचा अभ्यास करायला कॉलेजात गेली होती.

मेमध्ये ती आयोवातल्या घरी आली ती बाटल्यांची पेटी घेऊनच. ओढा, शेताखालचे निचऱ्याचे पाइप, घरची विहीर, सगळ्यांचं पाणी तिने भरून कॉलेजात तपासायला पाठवलं.

"आजोबा माती चाखून मका पेरायचे," व्हर्लिन म्हणाला. "आता बाईसाहेब बाटलीत बघून शिकवणार."

"खत फार टाकतोस, दादा. ते सगळं पाण्यात उतरतं."

"मग मका काय तुझ्या वह्यांवर पिकवू?"

व्हर्लिनची बायको कॉनी हसली. शेगडीवर विहिरीचं पाणी खळखळत होतं. एप्रिलच्या पुरानंतर मार्लिसने कॉलेजातून चिठ्ठी धाडली होती: बाळाचं पाणी वीस मिनिटं उकळा. कॉनीने ती शेगडीमागे चिकटवली होती.

"घड्याळ लावून उकळते बरं, वन्सं."

भांडं निम्म्यावर आलं, तेव्हा तिने त्यात दुधाची पूड कालवली. मार्लिसला बरं वाटलं. या घरात एक तरी माणूस आपलं ऐकतं.

पाळण्यात ब्रिटा निपचित होती. ओठ जांभळट दिसत होते.

"गारठली असेल," म्हणत कॉनीने आणखी एक दुलई घातली.

चौथ्या दिवशी सकाळी मार्लिसच्या सरांचा फोन आला.

"तुमच्या विहिरीत खताचं नायट्रेट आहे. मर्यादेच्या तिप्पट."

"म्हणजे माझंच खरं निघालं!" मार्लिस ओरडली. "दादाला आता ऐकवतेच."

"घरात तान्हं मूल आहे का?"

"आहे, सर. पण काळजी नको. तिला उकळूनच देतो, निम्मं आटेपर्यंत."

सरांनी तिला मध्येच थांबवलं.

"मार्लिस, उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते सगळं खाली उरतं. तान्ह्याच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, ओठ जांभळे पडतात."

फोन तसाच टाकून ती स्वयंपाकघरात धावली. कॉनी ब्रिटाला मांडीवर घेऊन बसली होती. बाटली रिकामी होती.

"काल दूध घेत नव्हती," कॉनी म्हणाली. "म्हणून आज तीस मिनिटं उकळलं, वन्सं."

ब्रिटा त्याच दिवशी, तेवीस मेला, दुपारी गेली. नऊ आठवड्यांची होती.