सुटी अक्षरं

“तुनी जागावर कम्प्युटर बसाडू का व, मंदा?” देवपुराहून सुनंदाबाई फोनवर ओरडली. “बठ्ठ्या बहिणी ई ग्यात. तूच कोठे शेस?”

“खबरदार!” मंदाबाई म्हणाली. “कम्प्युटरले काय बहीण म्हणशीन? थांब. आलीच मी.”

अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. भडगावच्या माहेरी एकाच निंबाला झोका बांधून झुलणाऱ्या चौघी बहिणी आता चार गावांना पांगलेल्या. गुडघे धरले, एसटीच्या पायऱ्या उंच झाल्या. म्हणून यंदा जेवणं उरकली की मोबाईलवर लुडो खेळायचं ठरलं होतं. लाल घर मंदाचं. ती वेळेत शिरली नाही, तर तिच्या नावानं कम्प्युटर फासे टाकणार, आणि बहिणींच्या खेळात यंत्र मंदा होऊन बसणार. एरवी वर्षभर तिला मंदा म्हणणारं होतं तरी कोण? सासरच्या गावात ती तेजसची माय. नवऱ्याचा तर ‘अय्, ऐकलं का’ एवढ्यावरच सारा संसार भागलेला.

घोडं अडलं होतं ते पासवर्डापाशी. सकाळी ती गौराईच्या पूजेत असताना कंपनीचा माणूस इंटरनेटचा नवा डबा भिंतीला लावून गेला. डब्याचा हिरवा दिवा कसा डोळे मिचकावत होता, पण जुन्या पासवर्डाला ओळख म्हणून देईना. नवा ठाऊक एकट्या नवऱ्याला, जीवरामला. आणि जीवराम बसला होता गावाच्या पारावर, पत्ते कुटत. अखाजीला पत्ते खेळलेले देवालाही चालतात, असं गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांचं मत.

मंदाबाईच्या फोनवर येणारे फोन तेवढे येत. रिचार्ज कधीचं संपलेलं. मग शेजारची झुंबरबाई आपला बटणांचा फोन घेऊन आली. तिनंच नंबर लावला, आवाज मोठा केला आणि ऐकायला ऐसपैस मांडी घालून बसली.

“अहो, त्या डब्याचा पासवर्ड सांगा न.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. “घरी आल्यावर सांगतो.”

“आता पाह्यजे. सुनंदा खोळंबली तिकडं.”

“इथं मानसं हायेत.”

“असू द्या न. आपलं नेट काय उपटून नेतीन ते?”

झुंबरबाई फोनच्या तोंडाशी वाकली. “भाऊ, कोन्या बाईचं नाव ठेवलं काय?”

ती आपली गंमत करायला गेली. पण पलीकडून आला तो पत्त्यांतल्या गड्याचा, धनसिंगचा आवाज: “जीवरामभाऊ, पान टाका! राणी कवाची दाबून बसले?”

मंदाबाईच्या कपाळाला आठी पडली. “सांगता का येऊ तिथं?”

“लिव्ह,” जीवराम म्हणाला. पारावरून उठून तो दूर गेला असावा, कारण आता मागं नुसती चिमण्यांची कलकल ऐकू येत होती. “एम.”

मंदाबाईनं आपल्या मोबाईलवर बोट टेकवलं. पडद्यावर काळा टिपका पडला.

“मंग ए. मंग एन. मंग डी. मंग परत ए.”

टिपक्यामागं टिपका. इंग्रजी अक्षरं तिला एकेकटी भेटली तर ओळखता येत. रांगेनं उभी राहिली की ती बावचळे. आणि इथं तर सगळ्यांनी बुरखे घेतलेले.

“झालं?” तिनं विचारलं.

“कुठं झालं? हेच अजून एक बार.”

“दोन दोन बार काबरं?”

“तो कंपनीवाला म्हने, कधीबी इसरनार नाही असं काही सांगा. मी सांगलं. तर म्हने, आठ अक्षरं तरी लागता, एवढ्यानं भागत नाही.” जीवराम अडखळला. “मंग मी म्हटलं, तेच दोन खेपा टाक.” आणि फोन खटकन बंद झाला.

मंदाबाईनं तीच अक्षरं पुन्हा टाकली. नीट पडली का ते पाहावं म्हणून कडेला असलेल्या डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. टिपक्यांचे बुरखे उडाले. तिनं ओठ हलवत एकेक अक्षर जुळवलं. मंदा. पुढं पाहिलं. मंदा.

“काय व, चुकलं काय?” झुंबरबाईनं विचारलं.

मंदाबाईनं पदरानं आधी मोबाईलचा पडदा पुसला, मग आपलं तोंड. आणि बटण दाबलं.

लाल घर उघडलं. तीन गावांतला गलका एका खोलीत शिरला. बहिणींनी वाट पाहता पाहता झोक्यावरचं गाणं धरलं होतं:

“झोका गेला उंच, लागला फांदीला,
नाव माझं टांगलं माहेरच्या खुंटीला…”

“उनी व, मंदा उनी!” सुनंदाबाईनं गाणं मध्येच तोडलं. “टाक फासा, तुनीच पाळी शे!”

“दम धर जरा,” मंदाबाई म्हणाली. तिनं झुंबरबाईच्या हातातला फोन ओढून घेतला आणि पारावर पुन्हा घंटी दिली.

“आता काय?” जीवरामचा आवाज.

भिंतीवरचा हिरवा दिवा डोळे मिचकावत होता.

“लागत नाही तुमचा पासवर्ड,” ती म्हणाली. “परत सांगा. आन् हे पाहा, अशी सुटी सुटी अक्षरं नको. जोडून सांगा.”