गेल्या वर्षीपेक्षा कमी

शेवटचं दार बिजागरीतून निघालं तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. मास्तरांनी ते दोघांच्या खांद्यावर देऊन टेकडीमागे पाठवलं आणि हातातल्या कागदावर खूण केली.

"थोरल्याबाई, तुमच्याकडचं काय राहिलं?"

वस्तीतली सगळ्यांत वयस्क म्हणून तिला सगळे थोरलीच म्हणत. तिनं घरभर नजर फिरवली. एक मडकं, दोन ताटल्या, एक चटई.

"चटई न्या," ती म्हणाली. "गेल्या वर्षी पाहणीच्या बाई हिच्यावरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे लिहिलेलं असणार."

दर वर्षी गेल्या वर्षीपेक्षा काहीतरी कमी दिसलंच पाहिजे, हा मास्तरांचा दंडक होता. शेळ्या पहाटेच हलवल्या होत्या. हापशाचा दांडा पेंढ्यात पुरलेला होता. तो तर तीन वर्षं तिथंच होता. सुरुवातीला पाहणी संपली की सगळं पुन्हा जागेवर यायचं. मग लोक कंटाळले. परत आणायचं नि पुढच्या वर्षी पुन्हा न्यायचं, नुसता हेलपाटा. शिंप्याचं मशीन टेकडीमागच्या कपारीत गंजून गेलं. आता तो हातानं शिवायचा, आणि शिवायला फारसं कोणी काही आणतही नव्हतं.

"पुढच्या वर्षी कातडी उतरवून ठेवावी लागणार," शिंपी म्हणाला. "आणा माझ्याकडे, नीट उसवून देईन."

मास्तर पुढच्या घराकडे वळले.

सात वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या, त्याच आठवड्यात त्या नदीपलीकडच्या वस्तीतही जाऊन आल्या होत्या. दोन्ही वस्त्या एका मापाच्या, सोयरिकीही एकमेकींतच. पण इथल्या लोकांनी पाहुणी येणार म्हणून भिंती रंगवल्या, पोरांना ठेवणीतले कपडे घातले. थोरलीनं बाईंना पलंगावर बसवून, आम्हाला काही कमी नाही हो, असं तोंड भरून सांगितलं. तीन महिन्यांनी पलीकडे आरोग्य केंद्र उभं राहिलं. नर्स, खाट, औषधांचं कपाट. इकडे काहीच नाही. मदत गरजूंना जाते, मास्तर म्हणाले होते, आणि आपण भरलं घर दाखवून बसलो.

थोरलीच्या मनातून तो पलंग काही गेला नाही. गेल्या साली सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला पलीकडेच नेलं होतं. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिच्या यादीत या वस्तीचं नाव नव्हतं आणि यादीबाहेरच्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच बाळ गेलं. आता सुनेला पुन्हा पाचवा महिना होता. पलीकडचं केंद्र तीन महिन्यांत उभं राहिलं होतं. थोरली बोटांवर महिने मोजत होती.

बाई दहाच्या सुमारास आल्या. पाठीवर पिशवी, हातात टॅब, काखेत वजनकाटा. सात वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. प्रश्न नेहमीचेच होते. पाणी कुठून आणता? नदीवरून. घरात दिवा, पेटी, खाट? नाही, नाही, नाही. पहिली काही वर्षं थोरलीची जीभ इथं अडखळायची. यंदा तिला खोटं बोलावंच लागलं नाही.

मग नात. तिला चिमणी म्हणत. पाच वर्षांची होती. सुनेनं तिला काट्यावर उभं केलं आणि सासूकडे न पाहता ती बाजूला झाली. पोर जराही हलली नाही. हल्ली ती रडतही नसे. गेले तीन आठवडे थोरली तिचं अर्धं ताट काढून ठेवत होती. त्या दिवसांत तिनं स्वतःही एक वेळच खाल्लं होतं. थोडे दिवस गं, ती पोरीला जवळ घेऊन सांगायची, मग आपल्या दाराशी नर्स येईल.

काटा गेल्या वर्षीपेक्षा खाली थांबला. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"आजी, एवढं कसं उतरलं हो वजन?"

"लिहा बाई. दिसतंय तसंच लिहा."

बाईंनी लिहिलं आणि टॅब मिटला. दार नसलेल्या चौकटीबाहेर मास्तर उभे होते, त्यांच्यामागे सगळी वस्ती. इतक्या वर्षांत जे कोणी विचारलं नव्हतं, ते थोरलीनं विचारलं.

"यंदा तरी आमचा नंबर लागेल ना? सुनेला चारच महिने उरलेत. आणखी काय कमी दिसायला हवं ते सांगा. तेही करू."

बाई क्षणभर गोंधळल्या. एवढी वर्षं त्यांना बोलायची परवानगी नव्हती. यंदा पहिल्या टप्प्याचा अहवाल पुरा झाला होता, सांगायला हरकत नव्हती. त्या थोरलीजवळ सरकल्या आणि फार मायेनं बोलल्या.

"नंबर असा नव्हताच, आजी. मी पहिल्यांदा आले त्याच्या आधीच दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. केंद्र त्यांना निघालं. केंद्रामुळं किती फरक पडतो हे कळायला शेजारची एक वस्ती मदतीशिवाय ठेवावी लागते, ती तुमची. आणि फरक इतका निघाला, की वरच्या लोकांचा विश्वासच बसेना." त्यांनी चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमच्यामुळं त्यांचं केंद्र आणखी सात वर्षं चालणार आहे, आजी. तोवर फक्त आहात तसेच राहा."