पडताळणी

ब्लेसीच्या भावाचं स्थळ जिन्सीने नाकारलं, तेव्हापासून कोट्टयमच्या त्या बालरुग्णालयातल्या ह्या दोन नर्सांचा अबोला होता. कँटीनमध्ये माशाच्या कालवणाचं भांडंही एकीकडून दुसरीकडे जायचं ते तिसरीच्या हातून. बोलणं उरलं होतं फक्त अतिदक्षता विभागात, औषधापुरतं. हृदयाला बळ देणारं औषध एकीने भरायचं आणि दुसरीने पडताळायचं, हा तिथला नियमच होता.

त्या सकाळी ऑपरेशन होऊन आलेल्या एका तान्ह्या बाळाला ते औषध पंपातून अगदी हळूहळू चालू होतं. ब्लेसीने अँटिबायोटिकची सिरिंज उचलली आणि नळीला लावली. जिन्सीने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"अगं, ही हृदयाच्या औषधाची नळी! तू वरून दाबलंस की आतलं सगळं एकदम बाळाच्या अंगात जाईल. डोळे काय भावाच्या मांडवात ठेवून आलीस?"

ब्लेसीने सिरिंज काढली आणि शेजारच्या नळीला लावली. बाळ निवांत झोपलेलंच होतं.

दुपारी विभागाच्या इनचार्ज अन्नम्माने, जिला सगळ्या नर्सा चेची म्हणजे ताई म्हणायच्या, ब्लेसीला बोलावून घेतलं.

"पोरी, सकाळचं कळलं मला. किती घालूनपाडून बोलते ती तुला! उद्यापासून तुमच्या ड्युट्या वेगळ्या करते. तुझ्या जोडीला तुझी मैत्रीण शायनी देते."

"नको चेची," ब्लेसी म्हणाली. "शायनी माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. मला जिन्सीच हवी."