लेडीज स्मॉल

“एक चड्डी निवडायला एवढा वेळ लावते ही. रानात काय होत असेल, विचार कर.”

पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला. पडदा ओढला की बायको बहिरी होते अशी त्याची जुनी समजूत होती. तो चड्डी म्हणत होता ती धावायची घोट्यापर्यंतची तंग विजार घालून ट्रायल रूममध्ये ती उकिडवी बसून उठली, मग स्टुलावर पाय टाकून वाकली. वेळ लागणारच होता. शर्यत तीस तासांची. हातात नकाशा घेऊन पायवाट सोडून धावायचं, ओढ्यातून, काटेरी झुडपांतून. संघ चौघांचा, शेवटची रेष चौघांनी एकदमच ओलांडायची आणि चौघांत एक तरी बाई हवी, असा नियम. सात वर्षं ती बाई हीच होती.

ती बाहेर आली. बाकावर तिघं ओळीनं बसले होते: नवरा, संघाचे कप्तान असलेले भावजी आणि दातांचा डॉक्टर. पुरुषांच्या तीन विजारी केव्हाच बांधून झाल्या होत्या. त्याही तिनंच निवडून दिल्या होत्या. नकाशातलं मला कळतं, पायांतलं वहिनींना, असं भावजी सगळ्यांना सांगत. लेक पलीकडे बुटांपाशी उभी होती. तिला बूट घ्यायचेत म्हणून ती सोबत आली, असं घरून निघताना ठरलं होतं.

बायकांच्या विजारींत दोनच प्रकार उरले होते, एक काळी आणि एक करडी. तिनं केसांतली पिन काढून दोन्ही कापडांवर दाबून ओढली. दुकानदार असा कळवळला की जणू त्याच्याच पोटरीवरून ओढली. धागा कुठं निघाला नाही. मग बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं, दोन्ही झटकन निथळल्या. शेवटी तिनं दोन्ही उलट्या केल्या. काळीला मांड्यांच्या मध्ये वेगळा तुकडा जोडलेला होता, त्यामुळे शिवणी बाजूला गेल्या होत्या. करडी दिसायला झकास, पण तिच्या चार शिवणी नेमक्या मांडीच्या आत येऊन एकमेकींत गुंतल्या होत्या. कोरड्यात काही जाणवायचं नाही. ओढा ओलांडला की पाचव्या-सहाव्या तासाला ती गाठ कातडं सोलायला लागते, आणि पुढे चोवीस तास उरलेले असतात. हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याचा डाग अजून होता.

ती सांगणार, तेवढ्यात भावजी दुकानदाराला म्हणाले, “आता वहिनी म्हणतील ती लेडीज एक द्या. स्मॉल.”

“लार्ज,” तिनं दुरुस्त केलं. “स्मॉल माझ्या एका मांडीलाच पुरेल, भावजी.”

एरवी तिच्या अशा बोलण्यावर डॉक्टर सगळ्यात आधी हसायचा. आता तो छताकडे बघत होता, छतालाच कीड लागल्यासारखा. भावजी काउंटरवरची टेप गुंडाळायला लागले. नवरा लेबलावरच्या धुण्याच्या सूचना वाचत होता, बावीस वर्षांत ज्यानं स्वतःचा रुमाल धुतला नव्हता तो. आणि लेक एकाच बुटाची नाडी तिसऱ्यांदा ओवत होती.

मग तिला कळलं. तिची मापं काही कुणी विसरलेलं नव्हतं. स्मॉल लेकीचं माप होतं, यंदा चौघांतली बाई लेक असणार होती. गेले चार महिने पहाटे हलवून हलवून लेकीला धावायला उठवलं होतं, तेही हिनंच.

“स्मॉल,” ती म्हणाली. “हो, बरोबर.”

तिघांचाही जीव भांड्यात पडला. कुणालाच काही बोलावं लागलं नव्हतं. नवरा तर एकदम उत्साहात आला. तुझ्याशिवाय हे आम्हाला जमलंच नसतं, म्हणाला. आता सांगून टाक, यातली कुठली?

तिनं काळीवरून हात फिरवला. शिवणी पुन्हा एकदा बोटांनी चाचपल्या.

“करडी,” ती म्हणाली.

लेक करडी स्मॉल घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, घोट्याची चेन लागत नव्हती. आई पडदा सारून आत गेली, लेकीच्या पायाशी बसली आणि चेन वर ओढून दिली. करडी पोरीला अशी बसली होती की तिच्या अंगावरच शिवलीय. लांब, नितळ मांड्या, कुठं ओरखडासुद्धा नाही. तान्ही असताना लंगोट घासून याच मांड्या लाल व्हायच्या, तेव्हा पोरीच्या आधी आईच रडायला लागायची.

तिनं नुकतीच लावलेली चेन पुन्हा खाली ओढली.

“ऐक,” ती घाईघाईनं म्हणाली, “ही काढ. ही घालून तू जायचं नाहीस.”

लेक मागे सरकली. तिची पाठ आरशाला टेकली.

“वाटलंच होतं मला. बाबा म्हणत होते, आई काही बोलणार नाही. पण मला माहीत होतं, तू जाऊ देणार नाहीस.”

“तसं नाही गं. ही शिवण बघ, ही आतली...”

“शिवण.” लेक ओठ मिटून हसली, अगदी बापासारखी. आवाज खाली आणायची तिला गरज वाटली नाही. “गेल्या वर्षी अकरा मिनिटांनी हरले हे, ते काय शिवणीमुळे? तुझ्यामुळे हरले, आई.”