वाटेवरचा चोथा

काढ्याचा चोथा वाटेवर ओतला की दुखणं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर निघून जातं, अशी आमच्या गल्लीची रीत. शेजारच्या छ्यूमावशी कुरकुरायच्या, "तुझ्या नवऱ्याचं दुखणं आमच्याच बोकांडी का गं?"

आज सकाळी ज्येष्ठमधाच्या ओल्या चोथ्यात अनवाणी पावलं उमटली होती. डाव्या पायाला करंगळी नव्हती. माझ्या बाओशानची लाकूड फोडताना तुटली होती, तशीच. पावलं आमच्या दारातून निघून नदीकडे गेली होती. परतीची कुठेच दिसेनात.

पण बाओशान तर कधीचा अंथरुणाला खिळलेला. मी धावत आत गेले. तो उठून बसला होता.

"गेलं बघ दुखणं," तो हसून म्हणाला.

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारलं. दोन्ही पायांना पाच-पाच बोटं होती.