पुढच्या रांगेतला माणूस

चार वर्षं तीन क्लबांत राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसल्यावर केइगो असारे यंदा आपल्या गावच्या क्लबाकडून खेळू लागला. त्याची जपानी आई फुमिए प्रत्येक सामन्याला यायची आणि टोपी कपाळावर ओढून गुपचूप बसायची. केइगो रंगरूपाने घानाच्या वडिलांवर गेला होता, त्यामुळे ही त्याची आई असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

गेल्या शनिवारी त्याच्या हातातून चेंडू निसटला आणि गोल झाला. तिच्या पुढच्याच रांगेतला माणूस ताडकन उठून ओरडला, “जा की परत आपल्या देशात!” केइगो जन्मला होता तो स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवरच्या इस्पितळात.

आज शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. फुमिएने डोळे घट्ट मिटले. एकच कल्लोळ उठला, तेव्हा कुठे तिने भीत भीत पाहिलं. केइगो चेंडू छातीशी धरून गवतावर पडला होता.

पुढच्या रांगेतला तोच माणूस मागे वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

“पाहिलंत ना काकू? आपल्या गावचं पोर आहे ते. आपलं!”

“हो ना. छान अडवला.”

“अहो, तुम्हीपण रडताय की. ओळखीचा आहे का तुमच्या?”

“नाही हो,” फुमिए म्हणाली आणि तिने टोपी आणखी खाली ओढली.

पुढच्या शनिवारी पुन्हा सामना होता.