मेंढरांच्या चालीनं

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बयाबाई मागच्या सीटवरून स्वतःच उतरली, नाहीतर पडलीच असती. घोटावडे फाट्यावर चंद्रकांत मेस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपुढं एक दगड होता, त्यावर ती गुडघा धरून बसली.

"पळवली की बाणासारखी जाती," तिचा नवरा पिराजी चंद्रकांतला म्हणाला. "हळू घेतली की आचके देती अन् मरती."

"मग पळवा की मामा."

पिराजीनं नुसतं समोर बोट केलं. रस्त्यापलीकडच्या पडीक रानात त्याची मेंढरं उभी होती, भाऊ एकनाथ राखत होता. दिवाळी सरली होती आणि बिऱ्हाड आज पौडाकडं हलायचं होतं. ओझ्याची घोडी मेली, तिच्या जागी ही जुनी मोटरसायकल आली. भांडीकुंडी आणि बायको, दोन्ही तिच्यावर. आता मेंढरांमागं जायचं म्हणजे मेंढरांच्याच चालीनं जायला हवं. मेंढरू काय हॉर्न ऐकून धावत नाही. आणि बयाबाईचा गुडघा असा, की पुढच्या पिंपळापर्यंतही तिच्यानं चालवत नव्हतं.

गाडी चालली नाही तर पुढं काय, ते ठरलेलंच होतं. थोरला मुलगा दादासाहेब मारुंजीहून आपला टेम्पो घेऊन आला होता. आत गादीसुद्धा अंथरून आणली होती शहाण्यानं. आईनं त्याच्या खोलीवर राहायचं, बापानं मेंढरं घेऊन पुढं जायचं. तिथं नळाचं पाणी, डोक्यावर पंखा. वाईट काय होतं त्यात? पण बयाबाईनं एकदा राहून बघितलं होतं. रात्री एक जनावर खोकत नाही, झोप यायची कशी, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि सगळे हसले होते. ती हसली नव्हती.

चंद्रकांतनं प्लग काढला. साफ होता. कार्बोरेटर खोलला, जेटमध्ये फुंकर मारली, हवेचा स्क्रू फिरवून पाहिला, क्लचची वायर ताणली. मोकळी गाडी रस्त्यावर नेली तर झकास पळाली. बयाबाईला मागं बसवून मेंढरांच्या चालीनं घेतली, तर पुन्हा तेच झटके, क्लच जळल्याचा वास आणि शेवटी बंद. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, असं सगळं चाललं होतं.

दादासाहेब एकदाच म्हणाला, की आये, ऊन व्हायला लागलंय, निघू आता. बयाबाईनं ऐकलं न ऐकलं केलं.

तेवढ्यात कळपातली चांदी नावाची शेळी रस्ता ओलांडून आली आणि मेस्त्रीची जुनी ट्यूब चावायला लागली. महाआगाऊ जनावर. दुसऱ्याच्या रानात घुसते म्हणून बयाबाईनं तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं होतं. चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी जड, पळायला गेली की पायांवर आपटायचं. तरी आलीच. तिला हाकलायला चंद्रकांत मागच्या चाकाशी वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"मामा, साखळीचं मागचं दात्यांचं चाक कुणी बदललं? हे बारीक हाय. ह्यानं गाडी रस्त्याला पळती, पण हळू चालताना तिची वढ जाती. इंजनाला काय बी झाल्यालं न्हाई."

पिराजीला ठाऊकच नव्हतं. त्यानं पोराकडं पाहिलं. दसऱ्याला गाडी धुवून, ऑइल बदलून आणतो म्हणून दादासाहेबच घेऊन गेला होता.

"मीच बसवलं," दादासाहेब म्हणाला. "मारुंजीला यायला जवळ पडंल म्हणलं. तुमी येतच न्हाई. दर खेपेला लांब पडतं म्हणता."

बयाबाईला खरं तर पोराचा राग यायला हवा होता. पण आला नाही.

चंद्रकांत म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचं चाक पुण्याहून मागवावं लागेल, आज काही मिळायचं नाही. जुनं कुठंय? दादासाहेब म्हणाला, पिशवीत घालून घरी आणून दिलं होतं. ती पिशवी कुठं ठेवली, ते पिराजीला आठवेना.

बयाबाई लंगडत उठली. तिनं चांदीचा कान धरला आणि गळ्यातल्या चिंध्या सोडायला घेतल्या. आतून दात्यांचं मोठं चाक निघालं.

"रिकामं लोखंड दिसलं," ती म्हणाली. "बांधलं हिला."

चंद्रकांतनं चाक पुसून दाते बघितले. झिजले होते, पण यंदाचा हंगाम निघाला असता. त्यानं ते बसवलं, साखळीला कड्या जोडल्या. बयाबाई मागं बसली. पिराजीनं पहिला गिअर टाकून क्लच अलगद सोडला. गाडी ठुकठुकत निघाली, शेडला वळसा घालून परत आली. एकही झटका नाही.

चांदी मात्र गळा मोकळा होताच शेजारच्या हरभऱ्यात घुसली होती. दादासाहेब धावत गेला आणि शिंगाला धरून तिला घेऊन आला. काढलेलं बारीक चाक पोत्यावर पडलं होतं. बयाबाईनं चिंध्या त्याच्याकडं टाकल्या.

"ते बांध तिच्या गळ्यात. लई पळती."

दादासाहेब उकिडवा बसला. दाते टोचू नयेत म्हणून त्यानं चाक नीट गुंडाळलं आणि बांधलं.

एकनाथनं हाळी दिली, मेंढरं रस्त्याला लागली. मागून गाडी निघाली. दादासाहेब टेम्पोकडं गेला नाही. आईच्या बाजूनं चालत राहिला, सुनेचं, नातीच्या शाळेचं काहीबाही सांगत. पार वळणापर्यंत गाडी त्याच्या पुढं गेली नाही.